शिस्टरबायचा दगड

वाशिंद,
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

दादा, सलाम.

आधी तू विचारलेल्या गोष्टींची उत्तरं.

१. काल रविवारी मी आवळीच्या वाडीत जाऊन आले.

२. आईच्या कबरीच्या डोक्याशी दगड उभा आहे. ओढ्यातला, काळा, गुडघ्याएवढा. तुला कुणीतरी पाठवलेला फोटो खरा आहे.

३. दगडाला शेंदूर लावलेला आहे.

४. मी बसवलेला सागाचा क्रूस जागेवर आहे. त्यालाही शेंदूर लावलेला आहे.

५. पुढ्यात करवंट्या आणि झेंडूची फुलं होती. कोंबडीची पिसं किंवा रक्त नव्हतं. तू विचारलं होतंस म्हणून गवत बाजूला करून पाहिलं.

६. क्रूसावरचा शेंदूर मी पुसायला घेतला. तो तेलात कालवलेला होता. निघाला नाही, पसरला.

७. तू पाठवलेल्या संमतीपत्रावर मी सही केलेली नाही.

इथपर्यंत तुझ्या प्रश्नांची उत्तरं झाली. पुढचं तू विचारलेलं नाहीस. तरी लिहिते आहे, कारण फोन तू उचलत नाहीस. पत्र फाडण्याआधी निदान वाचशील असा अंदाज आहे. संमतीपत्र तू पोस्टानेच पाठवलं होतंस.

मी क्रूस घासत होते तेव्हा हिराबाई भाताचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून चालली होती. हिराबाई तुला आठवत असेल. आई जिथे पुरली आहे ते शेत तिचं आणि बारकूकाकांचं. तिने भारा खाली टाकला आणि मला बघत उभी राहिली. मला वाटलं आता भांडेल. ती घरी गेली आणि एक जुनं फडकं आणि वाटीत रॉकेल घेऊन आली.

"ह्याच्यानं निघल," म्हणाली.

"तुम्हाला राग नाही आला?"

"तुझी आय हाये. तू पूस." मग भारा उचलता उचलता म्हणाली, "आमी परत लावू."

तिने चिडवायला म्हटलं नव्हतं. खरकटं काढल्यावर पुन्हा सारवायचंच असतं, त्या सुरात म्हणाली. मी फडकं परत दिलं. अशा माणसांशी कसं बोलायचं ते मला कळत नाही. आईला कळायचं, पण तिने ते कुणाला शिकवलं नाही.

तुझं म्हणणं मी नीट वाचलं आहे. आईची कबर भूतपूजेचं ठिकाण झाली आहे, म्हणून तिचे अवशेष उकरून पुण्याला तुमच्या चर्चच्या मंडळीच्या दफनभूमीत हलवायचे. त्यासाठी तू अर्ज तयार केला आहेस आणि दोन्ही मुलांची संमती लागते. हेही वाचलं की तू जानेवारीच्या आत हे उरकणार आहेस. 'उरकणार' हा तुझा शब्द आहे.

मला तो दगड आवडलेला नाही. हे लिहून ठेवते, म्हणजे पुढे तू मला वाडीची वकील म्हणणार नाहीस. पण मी कारखान्यात प्रेशर गेज तपासते. एखादं गेज चुकीचा आकडा दाखवत असेल तर आम्ही ते उचलून भंगारात टाकत नाही. किती चुकतंय, कुठून चुकतंय, ते आधी बघतो. मला थोडा वेळ दे.

संजीवनी

*

वाशिंद,
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

दादा, सलाम.

तुझं पत्र मिळालं. बायबलमधली तीन वचनं आणि एक वाक्य: "दगड काढायला लाव, नाहीतर सही कर." वचनं मला माहीत होती. माझी तब्येत कशी आहे हे विचारलं नाहीस. बरी आहे.

परवा रविवारी पुन्हा गेले. दगड काढा असं सांगायलाच गेले. बारकूकाकांच्या खळ्यावर झोडणी चालू होती, तिथेच सगळे जमले. मी उभी राहून म्हणाले, "माझ्या भावाचं आणि माझं एक म्हणणं आहे." 'आणि माझं' हे मी तुझ्यासाठी जोडलं.

विचारलं, "दगड कुणी बसवला?"

सगळे भाताकडे बघायला लागले. मग मागून बुधूबाबा म्हणाला, "मीच बशिवला."

बुधू म्हणजे तिथला भगत, आणि आई मिशनची नर्स. तू वसतिगृहात गेलास त्यामुळे तुला त्याचे आणि आईचे खटके माहीत नसतील. कुणाला साप चावला की बुधू अंगारा घेऊन निघायचा आणि आई जीपवाल्याला हाका मारत निघायची. जो आधी पोचेल त्याचा पेशंट. आई चालायला चपळ होती.

मी म्हणाले, "बाबा, तुमचं आणि तिचं तर वैर होतं."

"वैर नाय गो. धंदा," बुधू म्हणाला. बायका हसल्या. "तुझ्या आयनं माझी समदी गिऱ्हाइकं मुरबाडच्या दवाखान्यात धाडली. जित्तेपणी माझ्या उपेगी नाय पडली. म्हटलं, मेल्यावर तरी पडल."

"बाबाच्या नातवाला पण तिनंच धाडलेलं," हिराबाई म्हणाली. "तवा हाच जीपला धक्का मारीत व्हता."

"गाडी चालू होत नव्हती म्हणून मारला," बुधू म्हणाला.

मी पुन्हा मुद्द्यावर आणलं. आई दगडाची पूजा मानत नव्हती, तुम्हा सगळ्यांना हे माहीत होतं, तिने तीस वर्षं सांगितलं. मग तिच्याच डोक्याशी दगड का?

यावर बारकूकाका बोलले. ते फार बोलत नाहीत. "ठावं हाये ना. तिचा देव दगडात नसतो, सांगायची ती. पण बाय, असं माणूस गेल्यावर आमाला दुसरं काय करता येतं? मोठ्या माणसाचा आमी दगड उभा करतो. तिचा नाय केला असता तर लोकांनी काय म्हटलं असतं? खाल्लं आन इसरले."

याचं उत्तर तुला सुचलं तर लिही. वचन नको, उत्तर.

मग मी विचारलं, तिथे काय काय करता. बुधूने सांगितलं, आणि मी जसंच्या तसं लिहिते. नारळ चालतो. कोंबडं-बकरं चालत नाही, कारण 'शिस्टरबायला रगत आवडत नव्हतं, तिनं लई पुसलंय'. दारू पिऊन आलेल्याला बांधाच्या अलीकडे थांबवतात. आणि कुणाशी अबोला धरून आला असेल तर त्याचा नारळ बुधू फोडत नाही. आधी जा, भांडण मिटव, मग ये.

"हे कुणी ठरवलं?"

"ठरवायचं काय? तीच करायची ना. लावणीच्या टायमाला आमी दोघं भाऊ भांडून तिच्याकडं गोळ्या आणाया गेलो, तर बाहेर उभं केलं. म्हणाली, आधी एकमेकांशी बोला, मग गोळी." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझं भावाशी बोलणं हाये का?"

मी म्हणाले, "पत्रं चालू आहेत."

"बोलणं?"

"नाही."

"मग तुझा बी नारळ नाय," बुधू म्हणाला. सगळं खळं हसलं. मी नारळ नेलाच नव्हता, हे सांगण्यात अर्थ नव्हता.

वेदीवर अर्पण ठेवण्याआधी जाऊन भावाशी समेट कर, हे बायबलात कुठे लिहिलं आहे ते तुला मी सांगायला नको. बुधूला ते कुठे लिहिलं आहे ते माहीत नाही. त्याला वाटतं, गोळ्या वाटायची ती एक पद्धत होती.

शेवटी मी तुझा अर्ज सांगितला. आईला पुण्याला न्यायचं चाललं आहे. झोडणीचा आवाज थांबला. बारकूकाका म्हणाले, "पोरांची आय हाये. पोरं नेतील. आमी कोण?" हिराबाई उठली आणि भाताची पेंढी उचलून परत झोडायला लागली, गरजेपेक्षा जोरात.

बुधू म्हणाला, "न्या. दगड ऱ्हाईल."

"दगडही काढायचा."

"तो कसा काढशील? तो वाडीनं बशिवलाय. तिला नेलीस तर तो माझा." मग समजावून सांगावं तसं म्हणाला, "हे बघ. ती खाली हाये तवर त्याला रगत नाय. ती गेली का तो साधा देव. साध्या देवाला कोंबडं लागतं. मग लोकं इचारतील, बाबा, आता चालतंय का? मी काय नाय म्हणू?"

ही धमकी नव्हती. भाताचा भाव सांगावा तसं त्याने सांगितलं. पण दादा, तुला जे बंद करायचं आहे ते तू आईला हलवलंस की सुरू होईल. आज तिथे जे होत नाही ते तिच्यामुळे होत नाही. मी हे दोन्ही बाजूंनी तपासून पाहिलं. मला यात चूक सापडत नाही. सापडली असती तर बरं झालं असतं. सही करून मोकळी झाले असते.

सही अजून केलेली नाही.

संजीवनी

*

मुरबाड, दवाखान्याचा बाक,
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

दादा,

तुझं दुसरं पत्र मिळालं. "बुधू भगताच्या धर्मज्ञानावर आईच्या कबरीचा निर्णय होणार नाही." बरोबर आहे. त्यात तू हेही लिहिलंस की आईने तीस वर्षं दिली तरी एकाही माणसाचा बाप्तिस्मा झाला नाही, आणि आता हे शेंदराचं फळ. तिला पुरलं त्या दिवशीही तू हेच बोलला होतास, माती टाकण्याआधी. त्यानंतर आपण बोललेलो नाही.

त्याचं उत्तर द्यायला बसलेले नाही. इथे थांबायचं आहे, कागद आहे, म्हणून आज सकाळी जे पाहिलं ते लिहिते. विसरण्याआधी नोंदवायचं आहे. बाकीचं नंतर.

आज मी एवढंच सांगायला गेले होते की दगडाला काय लावायचं ते लावा, पण क्रूसाला शेंदूर नको. मधला मार्ग म्हणून. ते सांगायची वेळच आली नाही. हिराबाईची सून अंजू हिला कळा सुरू झाल्या होत्या. तिचा नवरा सुनिल कामावर वाशिंदला. जगनची जीप अंगणात येऊन उभी होती आणि जगन हॉर्न वाजवत होता.

"काकू, लौकर! मी काय डॉक्टर नाय. गाडीत झालं तर गाडीचं नाव काय ठेवू?"

"वाजवू नको रे, रेडकू बुजतंय," हिराबाई आतून ओरडली.

मला वाटलं ती कपडे, कागद असं काही बांधते आहे. ती चुलीवरून पाण्याचं भगुलं उतरवत होती. अंजूला तिने ओटीवर पाटावर बसवलं. पुढ्यात परात ठेवली. अंजूचे पाय परातीत घेतले आणि धुवायला बसली. सावकाश. सासू खाली उकिडवी, सून वर बसलेली. अंजू खळ्यावरून आली होती, पायाला भुसा आणि चिखल. हिराबाईने बोटांच्या बेचक्यासुद्धा धुतल्या. मध्येच कळ आली तेव्हा अंजूने सासूचं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरलं, केस ओढले जाईपर्यंत. हिराबाई तशीच थांबली. कळ गेल्यावर तिने आपल्या पदराने पाय पुसले.

मग उठून तिने अंजूच्या डोक्यावर हात ठेवला. आणि काहीच बोलली नाही. थोडा वेळ तशीच उभी राहिली, आता दुसऱ्या कुणीतरी बोलायचं आहे अशी. मग म्हणाली, "चल."

जगनने या सगळ्यात एकदाही हॉर्न वाजवला नाही.

जीपमध्ये माझ्याशेजारी रविना होती, किन्हवलीची मुलगी, गेल्या वर्षी लग्न होऊन वाडीत आलेली. मी विचारलं, हे पाय धुणं काय?

"हितली रीत हाये. जुनी. बाळंतपणाला निघायच्या आधी सासूनं सुनंचे पाय धुवायचे."

"किन्हवलीला आहे?"

"नाय ओ! आमच्यात उलटं. सून सासूचे धुते. मी हितं पयल्यांदा पाह्यलं तवा मला हसूच आलं. वाटलं म्हातारीला येड लागलं."

"म्हातारी कुणाला म्हंते गो?" पुढच्या सीटवरून हिराबाई.

"तुमाला नाय, काकू. दुसरी व्हती."

अंजूला आत नेलं आहे. इथल्या वॉर्डमधल्या सिस्टरना मी विचारलं. त्या म्हणाल्या, "त्या दोन-तीन वाड्यांतल्या बायका पाय स्वच्छ करून येतात. आम्ही पायांवरूनच ओळखतो कुठून आल्या. का, ते माहीत नाही."

मला माहीत आहे. तुलाही माहीत आहे. पोस्ट उद्या करते.

संजीवनी

*

वाशिंद,
बुधवार, २६ नोव्हेंबर २०२५

दादा, सलाम.

मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.

आता बाकीचं.

उत्तम शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी आई आपल्या दोघांचे पाय धुवायची. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, म्हणून. तुला गुदगुल्या व्हायच्या आणि तू पाणी सांडायचास. तू नगरच्या वसतिगृहात गेल्यावर ती माझे एकटीचे धुवायची, आणि त्या दिवशी जेवायची नाही. तू म्हणशील उपास होता. असेलही.

पण वाडीत हे कसं गेलं ते मला ठाऊक नव्हतं. हिराबाईने सांगितलं, वॉर्डच्या बाहेर, बाळ बघून आल्यावर. सुनिलच्या वेळी तिची सासू तिला गोठ्याशेजारी निजवून स्वतः शेतावर निघून गेली होती, दोघींचं पटत नव्हतं म्हणून. आई नवीनच आलेली. आल्याबरोबर तिने पाणी मागितलं आणि कशालाही हात लावायच्या आधी हिराबाईचे पाय धुवायला बसली. सासू परत आली तर तिने हे पाहिलं. एक शिकलेली, परगावची बाई आपल्या सुनेच्या पायांशी बसलेली. हिराबाई म्हणाली, "म्हातारीला लाज वाटली. हातातला तांब्या वढला तिच्या. म्हणाली, उठा तुमी, माझी सून हाये, मी धुते. तुझी आय हसली. येवढंच म्हणाली, हळू धुवा."

पुढच्या घरात आईने तेच केलं. त्याच्या पुढच्या घरात सासूने तिची वाट न बघता स्वतःच परात घेतली. आता आई नाही, तिचा दवाखाना कधीचा बंद पडला, मिशनने तिला परत बोलावलं तेव्हा ती गेली नाही हे कुणाच्या लक्षातही नाही, आणि रविनाला वाटतं ही वाडीची जुनी रीत आहे. काल मी कामावरून फोन करून आणखी दोन वाड्यांत विचारलं. एका ठिकाणी आहे, एका ठिकाणी नाही. नाही त्या वाडीत आई कधी जात नव्हती. मध्ये नदी आहे.

दादा, तुमच्या मंडळीच्या अहवालात किती बाप्तिस्मे झाले याचा रकाना असतो. तो असावा. पण परात कुठे मांडायची ते मला सांग. हा टोमणा नाही. मला खरंच कळत नाही आणि त्याचाच मला त्रास होतो. दगड मांडायला जागा आहे, तो तू बरोबर 'मूर्तिपूजा' खाली मांडलास. परात त्याच लोकांची आहे. त्याच हातांनी शेंदूर लावला आहे.

मला सगळ्यांचाच राग आलेला आहे. वाडीचा आहे, कारण सांगितलेलं ऐकून घेतात आणि आपलंच करतात. तुझा आहे, त्याची कारणं तुला माहीत आहेत. आईचाही आहे. कुणालाच तिने काही स्पष्ट सांगितलं नाही. माझ्यावर दगड उभा करू नका, हे तिने वाडीला सांगितलं असतं तर त्यांनी मानलं असतं. मला म्हणाली, "इथंच पुरा," आणि तेव्हा खोलीत मी एकटी होते. तुला ते मी सिद्ध करून दाखवू शकत नाही. तू ते कधीच मानलं नाहीस, आणि तुझ्या जागी मी असते तर मीही पुरावा मागितला असता.

पण अर्जात तू कारण 'धार्मिक' लिहिलं आहेस. मला ते पूर्ण कारण वाटत नाही. वाडीतल्या प्रत्येक पोराला तिने आधी हातात घेतलं आणि तुला शिकायला लांब ठेवलं. आता निदान मेल्यावर ती तुझ्या गावात असावी असं तुला वाटत असेल, तर ते लिही. ते मला समजेल. त्या कारणावर मी विचार करीन. शेंदराच्या कारणावर सही करणार नाही. संमतीपत्र कोरंच सोबत परत पाठवत आहे.

आणखी एक गोष्ट आहे. खरं म्हणजे त्यासाठीच हे पत्र.

हिराबाईने मला विचारलं, "शिस्टरबाय पाय धुवून झाल्यावर डोक्यावर हात ठेवून काय बोलायची? मला ध्यानात नाय राह्यलं. सुनिलच्या टायमाला बोलली, जीवनच्या टायमाला बोलली. पण तवा कळा येत व्हत्या गो, कोण आयकतंय? वाडीतल्या एकीला पण येत नाय. समद्यांना कळा येत व्हत्या." ती हसली, मग म्हणाली, "हात ठेवतो आमी. पण तिथं कायतरी ऱ्हातंय. तुला येतं का?"

मी म्हणाले, नाही.

हे अर्धंच खरं आहे. शब्द मला पाठ आहेत. ती निजताना माझ्याही डोक्यावर हात ठेवून तेच म्हणायची. पण ते म्हणणाऱ्याने ते खरं मानायला हवं. मी काय मानते ते मला अजून नीट सांगता येत नाही, आणि तपासल्याशिवाय मी कशावर शिक्का मारत नाही. तू मानतोस. आपल्या दोघांत तेवढा तूच आहेस.

हिराबाईला हे सांगितलं नाही. मी म्हणाले, माझ्या भावाला येतं. ती लगेच म्हणाली, "तो शमुवेल? मग त्याला बोलाव. आमाला शिकवून जाईल. आन पोरीच्या डोक्यावर तोच ठेवल हात." मी म्हणाले, तो तुमच्यावर रागावलेला आहे, दगडावरून. ती म्हणाली, "मग येऊन रागव म्हणावं. लांबून काय रागवायचं?"

मी तिला वचन दिलेलं नाही.

बारसं रविवारी, ७ डिसेंबरला दुपारी आहे. येणार असशील तर एकटा ये. मंडळीतली माणसं आणि फोटो काढणारा नको. मी किन्हवलीच्या स्टँडवर थांबेन, तिथून जगनची जीप मिळेल. दगडाबद्दल तुला जे म्हणायचं आहे ते बुधूबाबासमोर बसून म्हण. तो ऐकेल असं नाही, पण उत्तर देईल, आणि तुला चांगलं उत्तर देणारा कुणी भेटून बरेच दिवस झाले असतील. जे शब्द बायकांना हवे आहेत ते त्यांना सांग. अर्थ विचारला तर अर्थही सांग. तो सांगणं हे तुझंच काम आहे, आणि या वेळी ते तुला आपणहून विचारत आहेत.

आला नाहीस तर हिराबाई हात ठेवून गप्प उभी राहील, एवढंच होईल. मी तिथे असेन आणि मीही गप्प असेन.

दोन गोष्टी कळव: बारशाला येतोस की नाही, आणि अर्ज मागे घेतोस की नाही. फोन कर किंवा लिही, पण बुधवार, ३ डिसेंबरपर्यंत उत्तर दे. मला हिराबाईला निरोप द्यायचा आहे.

तुझी बहीण,
संजीवनी